चल शिकवण्यासाठी ‘फेट’: काय साधते आणि काय उरते

इयत्ता आठवीच्या ‘चलन’ या प्रकरणात, म्हणजे एक राशी बदलली की दुसरी कशी बदलते हे पाहताना, विद्यार्थी चलनाचा स्थिरांक, म्हणजे त्या दोन राशींना जोडणारी न बदलणारी संख्या, काढायला शिकतात. नववीत आणि दहावीत ते ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ अभ्यासतात (चल म्हणजे बदलू शकणारी राशी), आलेख कागदावर बिंदू स्थापन करून रेषाही काढतात. तरीही या दोन चलांपैकी कोणते कोणावर अवलंबून आहे असे विचारले, की बहुतेकांचे उत्तर ‘एक्स स्वतंत्र, वाय अवलंबी’ एवढेच येते (आपण बदलतो ते चल स्वतंत्र, त्यामुळे जे बदलते ते अवलंबी). हे उत्तर सरळसरळ चूक ठरवता येत नाही, कारण वर्गात सोडवल्या जाणाऱ्या बहुतेक उदाहरणांत ते चालून जाते. अडचण अशी आहे की ते अक्षरांविषयीचे उत्तर आहे, राशींविषयीचे नाही. समीकरणात एक्स आणि वायच्या जागी काळ आणि लांबी आली, किंवा दोन राशींऐवजी तीन आल्या, की तोच विद्यार्थी अडखळतो. आणि पुढे विज्ञानातला कोणताही प्रयोग मांडताना ‘मी काय बदलणार, काय मोजणार आणि काय तसेच ठेवणार’ हे त्याला सांगता येत नाही. या एका गोष्टीसाठी ‘फेट’ची सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करता येणारे आभासी प्रयोग, किती उपयोगी पडतात, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे. भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र शिकवण्याचे साधन म्हणून त्यांचे मूल्यमापन येथे केलेले नाही.

‘फेट’ हा अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर येथील केंद्राचा प्रकल्प आहे. २००१ सालच्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचे एक मानकरी कार्ल वीमन यांनी तो २००२ साली सुरू केला. आरंभी केवळ भौतिकशास्त्रासाठी असलेल्या या संग्रहात आता गणित, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि भूविज्ञान यांचीही भर पडली आहे. संकेतस्थळावरील सिम्युलेशन्स मोफत आहेत, विद्यार्थ्याला खाते उघडावे लागत नाही आणि जाहिराती दिसत नाहीत. संगणक, टॅबलेट किंवा साधा स्मार्टफोन यांच्या ब्राउझरमध्ये ती चालतात. शिवाय प्रत्येक सिम्युलेशन एकाच फाइलच्या रूपात उतरवून घेता येते आणि नंतर इंटरनेटशिवाय वापरता येते. ज्या शाळेत नेटवर्क दुपारनंतरच मिळते, तिथे हा शेवटचा गुण इतर सर्व गुणांहून मोठा ठरतो. फोनसाठी वेगळे सशुल्क अ‍ॅपही आहे, परंतु वर्गातील कामासाठी त्याची गरज पडत नाही.

माझ्या विषयासाठी या संग्रहातील सर्वांत मोलाचे सिम्युलेशन म्हणजे ‘पेंड्युलम लॅब’, म्हणजेच लंबक. पडद्यावर एक गोळा दोरीला टांगलेला असतो. दोरीची लांबी ०.१ मीटर ते १ मीटर आणि गोळ्याचे वस्तुमान ०.१ किलोग्रॅम ते १.५ किलोग्रॅम या मर्यादांत स्लायडरने, म्हणजे पडद्यावरील सरकपट्टीने, बदलता येते. गुरुत्व पृथ्वीचे, चंद्राचे किंवा गुरू ग्रहाचे निवडता येते, घर्षण कमीजास्त करता येते आणि गोळा हवा त्या कोनातून सोडता येतो. एका आंदोलनाला, म्हणजे एका पूर्ण झोक्याला, लागणारा काळ मोजणारे घड्याळही दिलेले आहे. म्हणजे विद्यार्थ्यासमोर बदलता येतील अशा पाच राशी असतात आणि मोजण्यासारखी एक. कोणते चल स्वतंत्र मानायचे याचा निर्णय येथे पुस्तकाने आधीच घेऊन ठेवलेला नसतो, तो विद्यार्थ्यालाच घ्यावा लागतो, आणि हेच या सिम्युलेशनचे बलस्थान आहे.

वर्गात पहिल्या काही मिनिटांत जे घडते ते जवळजवळ ठरलेले असते. मुले दोन-तीन स्लायडर एकदम हलवतात, काळ बदललेला पाहून आनंदित होतात, आणि ‘तो कशामुळे बदलला?’ या प्रश्नावर गटागटांत वाद सुरू होतो. हा वाद शिक्षकाने लगेच मिटवू नये. एका वेळी एकच राशी बदलायची आणि बाकीच्या तशाच ठेवायच्या, हा नियम फळ्यावर लिहून दिला तर तो पाठ होतो. वाद घालून थकलेल्या मुलांनी तो स्वतः सुचवला तर तो समजतो. त्यानंतर वस्तुमानाचा स्लायडर हलवला जातो आणि काळ मुळीच बदलत नाही. पुष्कळ मुलांना हा निकाल पटत नाही. जड गोळा लवकर परत येईल अशी त्यांची खात्री असते, म्हणून ती वस्तुमान कमाल करतात, मग किमान करतात, आणि घड्याळ तोच आकडा दाखवते. एखादी राशी आपण हवी तशी बदलू शकतो म्हणून दुसरी राशी तिच्यावर अवलंबून असेलच असे नाही, हा धडा दोन चलांच्या समीकरणात कधीच मिळत नाही, कारण तिथे दोन्ही चले संबंधात आहेत हे आधीच गृहीत धरलेले असते.

लांबीकडे आले की दुसरी अपेक्षा मोडते. पृथ्वीच्या गुरुत्वात, लहान कोनातून सोडलेल्या लंबकाचा आंदोलनकाळ ०.२५ मीटर लांबीला सुमारे १.०० सेकंद, ०.५० मीटरला सुमारे १.४२ सेकंद आणि १ मीटरला सुमारे २.०१ सेकंद येतो. समचलनाची, म्हणजे दोन राशी एकाच पटीत बदलण्याची, सवय झालेल्या मुलांना लांबी दुप्पट झाली की काळही दुप्पट व्हायला हवा असे वाटते. प्रत्यक्षात काळ दुप्पट करायला लांबी चौपट करावी लागते. आठवीतल्या मुलांना वर्गमूळ माहीत असते, त्यामुळे काळाचा वर्ग लांबीशी समचलनात आहे हे ती आकड्यांवरून शोधून काढू शकतात, आणि मग चलनाचा स्थिरांक ही निव्वळ परीक्षेत काढायची गोष्ट उरत नाही. गुरुत्व चंद्राचे केले की तोच १ मीटरचा लंबक सुमारे ४.९ सेकंद घेतो: संबंधाचे रूप तेच राहते, फक्त स्थिरांक बदलतो. ‘अवलंबून आहे’ आणि ‘प्रमाणात आहे’ ही दोन वेगळी विधाने आहेत, हे दाखवण्यासाठी मला याहून चांगले साधन सापडलेले नाही.

याच सिम्युलेशनमधली आणखी एक बाब जाणकार शिक्षकाने आवर्जून वापरावी. पुष्कळ ठिकाणी लंबकाचा काळ कोनावर अवलंबून नसतो असे ठोकून सांगितले जाते. सिम्युलेशनमध्ये हे सरलीकरण केलेले नाही. १ मीटरचा लंबक १० अंशांतून सोडला तर काळ २.०१ सेकंदांच्या आसपास येतो, पण ६० अंशांतून सोडला तर तो सुमारे २.१५ सेकंद होतो. म्हणजे कोन हेही एक चल आहे. लहान कोनांपुरते त्याचे महत्त्व नगण्य असते इतकेच. हे ध्यानात ठेवून लांबीचा प्रयोग करताना कोन ठरवून घ्यावा आणि दर वेळी तोच ठेवावा, म्हणजे नियंत्रित चल म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

‘ओहम्स लॉ’ हे दिसायला अगदी साधे सिम्युलेशन आहे आणि त्यामुळेच त्याच्याकडे दुर्लक्ष होते. नववीच्या विज्ञानात धाराविद्युत शिकताना ओहमचा नियम येतो, तेव्हा ‘व्ही बरोबर आय गुणिले आर’ (विभवांतर बरोबर विद्युतधारा गुणिले रोध) हे सूत्र मुलांना तोंडपाठ होते. सिम्युलेशनमध्ये हेच सूत्र मोठ्या अक्षरांत दाखवलेले असून विभवांतर आणि रोध यांना दोन स्लायडर आहेत. स्लायडर हलवला की त्या राशीचे अक्षर लहानमोठे होते आणि त्याबरोबर विद्युतधारेचे अक्षरही बदलते. ४.५ व्होल्ट आणि ५०० ओहम असताना धारा ९ मिलिअँपिअर असते. रोध १००० ओहम केला की ती ४.५ मिलिअँपिअर होते; रोध पुन्हा ५०० ओहमवर आणून विभवांतर ९ व्होल्ट केले की १८ मिलिअँपिअर होते. आता मुलांना विचारावे, की या मांडणीत अवलंबी चल कोणते? समीकरणाच्या डाव्या बाजूला एकटे उभे असलेले अक्षर ते अवलंबी, अशी समजूत रुजलेली असल्यामुळे बरीच मुले विभवांतराचे नाव घेतात. पण विभवांतराला तर स्लायडर आहे, ते आपण ठरवतो. ज्याला स्लायडरच नाही आणि जे इतर दोघांमुळे बदलते, ती धारा आहे, आणि ती तर सूत्राच्या उजव्या बाजूला, मधोमध आहे. समीकरण स्वतःहून कोणाला स्वतंत्र आणि कोणाला अवलंबी म्हणत नाही, ती भूमिका प्रयोग मांडणारा देतो, हे इथे एका प्रश्नात स्पष्ट होते. सूत्राची मांडणी बदलून ‘आय बरोबर व्ही भागिले आर’ असे लिहायला मुले त्यानंतर आपणहून तयार होतात, कारण तसे लिहिण्याचे कारण त्यांना दिसलेले असते.

हीच गोष्ट ‘हुक्स लॉ’ या स्प्रिंगच्या सिम्युलेशनमध्ये अधिक ठळकपणे येते. पहिल्या पडद्यावर स्प्रिंगवर लावलेले बल आणि स्प्रिंगचा स्थिरांक यांना स्लायडर आहेत आणि विस्थापन, म्हणजे स्प्रिंग किती ताणली किंवा दाबली गेली ते, आपोआप मिळते. ऊर्जेच्या पडद्यावर मात्र विस्थापनालाच स्लायडर आहे आणि बल हा परिणाम आहे. स्थिरांक २०० न्यूटन प्रति मीटर ठेवून पहिल्या पडद्यावर १०० न्यूटन बल लावले तर विस्थापन ०.५ मीटर येते. ऊर्जेच्या पडद्यावर ०.५ मीटर विस्थापन केले तर बल १०० न्यूटन येते. स्प्रिंग तीच, नियम तोच, आकडे तेच, पण स्वतंत्र आणि अवलंबी यांची अदलाबदल झालेली आहे. हे दोन पडदे लागोपाठ दाखवावेत आणि मुलांना दोन्ही वेळी ‘हात कशावर आहे?’ एवढेच विचारावे. या साधनाच्या निर्मात्यांनी ही अदलाबदल आमच्या विषयासाठी मुद्दाम केली असेल असे मला वाटत नाही, ऊर्जेचा आलेख विस्थापनाच्या आधारे काढणे सोयीचे म्हणून ती झाली असावी. परंतु गणिताच्या शिक्षकाला तिचा फार मोठा लाभ होतो.

अशी अदलाबदल नेहमीच करता येते का? हा प्रश्न एखादा हुशार विद्यार्थी विचारतोच, आणि त्याचे उत्तर ‘प्रोजेक्टाइल मोशन’ या तोफेतून गोळा उडवण्याच्या सिम्युलेशनमध्ये आहे. तोफेची उंची शून्यावर आणावी, हवेचा रोध बंद ठेवावा, आरंभीचा वेग १५ मीटर प्रति सेकंद ठरवावा आणि केवळ कोन बदलत जावे. ४५ अंशांना गोळा सुमारे २२.९ मीटर अंतरावर पडतो. ३० अंशांना तो सुमारे १९.९ मीटरवर पडतो, आणि ६० अंशांनाही तिथेच. कोन स्वतंत्र आणि अंतर अवलंबी मानले तर काही अडचण नाही, प्रत्येक कोनाला एकच अंतर आहे. उलट मांडणी केली, म्हणजे अंतरावरून कोन विचारला, तर १९.९ मीटरला दोन उत्तरे येतात, त्यामुळे अंतर हे स्वतंत्र चल मानून कोन त्याचे फल (फंक्शन) आहे असे म्हणता येत नाही. फल या संकल्पनेची व्याख्या मुलांना अकरावीत रीतसर भेटते आणि तेव्हा एका घटकाला एकच प्रतिमा, म्हणजे एकच उत्तर, असली पाहिजे ही अट त्यांना कृत्रिम वाटते. तिची गरज नववीतच तोफेच्या दोन मार्गांवरून दाखवून ठेवली, तर पुढच्या शिक्षकाचे काम निम्मे होते. मुलांचा उत्साहही या सिम्युलेशनमध्ये सर्वाधिक असतो. मात्र तो लक्ष्यावर नेम साधण्याकडे वळू न देता आकडे लिहिण्याकडे वळवावा लागतो, याची तयारी शिक्षकाने ठेवावी.

तीन चलांच्या संबंधासाठी ‘गॅस प्रॉपर्टीज’ हे सिम्युलेशन उत्तम आहे, कारण त्यात कोणती राशी स्थिर ठेवायची याची निवड पडद्यावरच, शब्दांत दिलेली आहे: काहीच नाही, आकारमान, तापमान किंवा दाब. आकारमान स्थिर ठेवून वायू तापवला की दाब वाढतो. दाब स्थिर ठेवून तापवला, तर खोकाच रुंदावतो. म्हणजे तापमान तेच वाढवले असूनही अवलंबी चल कोणते होणार हे आपण काय स्थिर ठेवले यावर ठरते. दाबमापकाचा काटा किंचित थरथरत राहतो हेही मला आवडते. मोजमाप म्हणजे एकच अढळ आकडा नसतो याची ती लहानशी सूचना आहे. तरीही हे सिम्युलेशन आठवीला लवकर देऊ नये. पडद्यावर साधने फार आहेत, आणि दाब मर्यादेबाहेर गेला की झाकण उडते, त्यामुळे झाकण उडवणे हाच मुलांचा प्रयोग होऊन बसतो.

आतापर्यंत उल्लेख केलेली सिम्युलेशन्स भौतिक राशींची आहेत. खुद्द गणितासाठी बनवलेली सिम्युलेशन्स या विषयात तितकी समाधानकारक नाहीत, हे मला खेदाने नमूद करावे लागते. ‘फंक्शन बिल्डर’ हे त्यांतले चांगले आहे. त्यात एका बाजूने संख्या आत जाते, मध्ये बेरीज, वजाबाकी, गुणाकार किंवा भागाकार होतो आणि दुसऱ्या बाजूने उत्तर बाहेर येते. समीकरणांच्या पडद्यावर त्याची सारणी आणि आलेखही पाहता येतो. आत काय घडते ते झाकून केवळ आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या संख्यांवरून क्रिया ओळखायची, असा एक वेगळा पडदाही आहे, आणि पाचवी ते सातवीच्या मुलांना तो फार प्रिय असतो. आत जाणारे आपण निवडतो आणि बाहेर येणारे त्यावर ठरते ही जाणीव या वयात पुरेशी आहे, आणि ‘फंक्शन बिल्डर’ ती नेमकी देतो.

‘ग्राफिंग लाइन्स’विषयी मात्र माझी गंभीर तक्रार आहे. रेषेचा चढ (तिचा तिरकेपणा) आणि वाय अक्षावरील छेद (ती त्या अक्षाला जिथे छेदते ती जागा) यांचे आकडे बदलले की रेषा फिरते किंवा वर-खाली सरकते. चढ समजण्यासाठी हे सिम्युलेशन निश्चितच चांगले आहे. पण त्यात विद्यार्थ्याच्या हाती एक्स कधीच येत नाही. त्याच्या हाती येतात ते चढ आणि छेद, जे एका रेषेपुरते स्थिर असतात. लंबक, ओहमचा नियम आणि स्प्रिंग यांतून मुलांच्या मनात ‘जे मी बदलतो ते स्वतंत्र चल’ असा नियम तयार झालेला असतो. तो नियम घेऊन मूल येथे आले, तर चढ हेच स्वतंत्र चल आणि संपूर्ण रेषा हे अवलंबी चल असा निष्कर्ष काढते, आणि त्याच्या तर्कात दोष दाखवणे कठीण असते. वास्तविक एक रेषा निश्चित करणाऱ्या संख्या वेगळ्या आणि त्या रेषेवरून फिरणारी चले वेगळी. पडद्यावर बिंदूचे निर्देशक दाखवणारे एक साधन आहे. ते रेषेवर ठेवून सरकवले की एक्स बदलताना वाय कसा बदलतो हे दाखवता येते, आणि मी सर्वांआधी तेच वापरते. पण ते कोपऱ्यात पडलेले असते आणि मूल स्वतःहून त्याकडे जात नाही. स्लायडरने रेषा हलवणारी इतरही मोफत साधने आहेत आणि हाच दोष त्यांतही आढळतो. एक्सला स्वतःचा स्लायडर असलेला एखादा पडदा ‘ग्राफिंग लाइन्स’मध्ये दिला, तर या विषयापुरते हे सिम्युलेशन लंबकाच्या बरोबरीला येईल.

दुसरी उणीव नोंदींची आहे. ‘पेंड्युलम लॅब’मध्ये किंवा ‘ओहम्स लॉ’मध्ये घेतलेली मोजमापे लिहून ठेवायला सारणी नाही आणि त्यांवरून आलेख काढायची सोय नाही. स्लायडर मागे नेला की आधीचा आकडा नाहीसा होतो. वहीत सारणी आखायला लावून ही उणीव भरून काढता येते आणि ती तशीच काढावी असे मी सुचवीन, कारण सारणीचा पहिला स्तंभ कोणत्या राशीला द्यायचा आणि आलेखाचा आडवा अक्ष कोणाला द्यायचा, हे ठरवताना मुलाला स्वतंत्र चल कोणते ते ठरवावेच लागते. संगणकाने आलेख आयता काढून दिला असता तर हा निर्णय त्याच्याकडून निसटला असता. प्रयोगापूर्वी अंदाज लिहिण्याची सक्तीही साधन करत नाही. ती शिक्षकाने करावी, आणि स्लायडरला हात लावण्यापूर्वी करावी. आडव्या अक्षावर स्वतंत्र आणि उभ्या अक्षावर अवलंबी हा संकेत आहे, निसर्गनियम नाही, हेही याच वेळी सांगून ठेवणे इष्ट आहे. अन्यथा ही मुले पुढे अर्थशास्त्राकडे वळतील तेव्हा मागणी वक्रात किंमत उभ्या अक्षावर आणि मागणी आडव्या अक्षावर पाहून किंमत मागणीवर अवलंबून आहे असे समजतील.

मराठीचा प्रश्न स्वतंत्रपणे पाहायला हवा. ‘फेट’ची अनेक सिम्युलेशन्स मराठीत उपलब्ध आहेत आणि हे भाषांतर स्वयंसेवकांनी केलेले असते. मराठी माध्यमाच्या शाळेसाठी ही मोठी सोय आहे, पण सर्व सिम्युलेशन्सचे भाषांतर सारख्या दर्जाचे नाही, आणि जिथे ते अपुरे आहे तिथे उरलेला मजकूर इंग्रजीतच दिसतो. पाठ घेण्यापूर्वी निवडलेले सिम्युलेशन मराठीत उघडून, त्यातील संज्ञा आपल्या पाठ्यपुस्तकातील संज्ञांशी ताडून पाहाव्यात. फरक असेल तर तो फळ्यावर आधीच लिहून ठेवावा. शिक्षकांसाठी नोंदणी मोफत आहे आणि नोंदणी केल्यावर मार्गदर्शक टिपा आणि इतर शिक्षकांनी पाठवलेले उपक्रम पाहता येतात, परंतु हे साहित्य मुख्यतः इंग्रजीत आहे आणि त्यातील बहुतेक विज्ञानाच्या दृष्टीने लिहिलेले आहे. स्वतंत्र आणि अवलंबी चलांसाठी मराठीत कृतिपत्रिका हव्या असतील, तर त्या आपणच तयार कराव्या लागतात. काही सिम्युलेशन्स केवळ कळफलकाने चालवता येतात आणि ‘ओहम्स लॉ’सारख्या काहींत दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी वाचून दाखवले जाणारे वर्णन आणि ध्वनीही आहेत, समावेशक वर्गासाठी हा प्रयत्न आदरास पात्र आहे, आणि अशी वर्णने मराठीत करण्याचे काम कोणीतरी अंगावर घ्यावे अशी माझी कळकळीची इच्छा आहे.

सिम्युलेशनमधील लंबक कधी चुकत नाही, आणि एका मर्यादेपलीकडे हा त्याचा दोषच आहे. एकच मोजमाप दहा वेळा घेतले तरी आकडा तोच येतो, त्यामुळे मोजमाप पुन्हा घेण्याचे, सरासरी काढण्याचे कारणच उरत नाही. म्हणून दोरीला दगड बांधून खराखुरा लंबक वर्गात टांगणे मी सोडलेले नाही. त्यात दहा आंदोलनांचा काळ मोजून दहाने भागावे लागते, प्रत्येक गटाचा आकडा थोडा वेगळा येतो, आणि तो वेगळेपणा लांबीतील फरकामुळे आहे की घड्याळ दाबणाऱ्या बोटामुळे आहे, यावर चर्चा होते. खऱ्या लंबकाचा पाठ आधी आणि सिम्युलेशनचा नंतर, हा क्रम मला योग्य वाटतो. आधी सिम्युलेशन दाखवले तर खऱ्या लंबकाचे आकडे मुलांना चुकीचे वाटू लागतात. नंतर दाखवले तर खऱ्या लंबकात जे धूसर दिसले होते ते येथे स्पष्ट झाले असे त्यांना वाटते.

वर्गात एकच पडदा आणि शिक्षकाच्या हाती एकच संगणक असेल, तर लाभ कमी होतो, कारण स्लायडर हलवणारा हात विद्यार्थ्याचा असण्यावर येथे सगळे अवलंबून आहे. अशा वेळी एकेका विद्यार्थ्याला पुढे बोलवावे, बाकीच्यांनी आकडा सांगण्यापूर्वी आपला अंदाज वहीत लिहावा, आणि शिक्षकाने मागे उभे राहावे. चार-पाच मुलांमागे एक फोन मिळत असेल, तर आदल्या दिवशी फाइली उतरवून प्रत्येक फोनवर पाठवून ठेवाव्यात. आठवीला ‘चलन’ शिकवताना लंबक, नववीला ‘ओहम्स लॉ’ आणि ‘हुक्स लॉ’चे दोन पडदे, आणि ज्या वर्गाला पुढे जायचे आहे त्याला ‘प्रोजेक्टाइल मोशन’, एवढी निवड पुरेशी आहे; ‘ग्राफिंग लाइन्स’ चढ शिकवायच्या वेळी, या पाठांपासून वेगळे आणि बिंदूच्या साधनासह वापरावे. प्रत्येक सिम्युलेशनला सलग दोन तासिका द्याव्यात, कारण पहिली तासिका मुलांच्या खेळण्यात जाते आणि ती तशी जाऊ द्यावी लागते.